दोरी कुठून सुटली

१ डिसेंबर

पोहोचले एकदाची बडोद्याला! जळगावहून निघताना आई एकच म्हणत होती, जगात दुसरी गावं नाहीत का? आहेत ना. पण मला हेच हवं होतं. सलीलदादा पाच वर्षं इथे होता, बाजव्याच्या एका कारखान्यात. दर रविवारी फोनवर या गावाचं कौतुक करून त्यानं माझे कान किटवले होते. आता कौतुक करणारा राहिला नाही, तेव्हा म्हटलं, आपणच जाऊन बघावं.

रावपुऱ्यात गोविंदकाका आणि सुनंदाकाकूंच्या घरी वरची खोली घेतलीय. दादाचीच खोली. काका रेल्वेतून रिटायर झालेले, मूलबाळ नाही, दादाला मुलासारखं वागवत. काकूंचं वाक्य मराठीत सुरू होतं आणि गुजरातीत संपतं. बॅग खाली ठेवायच्या आत ‘जमी ले, ऋचाबेटा’ म्हणून ताट पुढे आलं. आमटी इतकी गोड की मी दोनदा पातेल्याकडे पाहिलं. काकूंचा जांभळा स्वेटर त्यांनी स्वतः विणलाय. स्वयंपाक करताना, स्कूटर चालवताना, कधीही अंगावर तोच. मला दोघंही फार आवडली.

४ डिसेंबर

नोकरी मजेची आहे. मोबाइलवरचे खेळ खेळायचे, अ‍ॅप वापरायची आणि कशी आहेत ते लिहायचं. आमची वेबसाइट हेरंब नावाच्या चाळिशीच्या माणसाची आहे. नाक्यापलीकडेच खाली ऑफिस, वर त्याचं घर, त्यावर गच्ची. गच्चीवर निळी टाकी आणि मोडकी डिश अँटेना. दुपारचा डबा आम्ही सगळे तिथेच खातो. हेरंबचा नियम एकच आहे, खेळ शेवटपर्यंत खेळल्याशिवाय त्यावर अक्षर लिहायचं नाही. माणूस दिलदार वाटला. पहिल्याच दिवशी स्वतःच्या डब्यातलं अर्धं लोणचं मला दिलं.

आज एका टॉर्चच्या अ‍ॅपची चंपी केली. उजेड पाडायला त्याला माझे सगळे फोन नंबर कशाला हवेत? एक स्टार. दुसऱ्या खेळात भाजी चिरायची होती, दर दोन वांग्यांमागे एक जाहिरात. एक स्टार. हेरंब म्हणाला, तुझ्या हातात दया नाही. खरंच नाही. मी मनात धरून ठेवणारी बाई आहे.

दादाचंच घ्या. मागच्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, तो बाजव्याच्या कारखान्यातून पाळी संपवून मोटारसायकलवर इथे, काकूंकडे जेवायला परत येत होता. पुलाच्या उतारावर कुणाच्या तरी पतंगाची नायलॉनची दोरी सुटून आडवी आली आणि त्याच्या गळ्याला लागली. हवालदार बाबांना म्हणाला, साहेब, दोरीला नाव नसतं. बाबांनी ते ऐकून घेतलं, मी नाही घेतलं. कुणीतरी बंदी असलेली दोरी उडवली, वर्षभर सुखानं जेवला, झोपला. तो मला सापडावा एवढंच मागणं आहे.

१७ डिसेंबर

संक्रांत जवळ आली की पतंगांच्या खेळांचा पाऊस पडतो म्हणे. आज आठवा आला. नाव ‘अगाशी’, म्हणजे गुजरातीत गच्ची. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. खाली एकच अभिप्राय, पाच स्टार: ‘शोधत होतो तो सापडला. आता निवांत.’ खेळाबद्दल अवाक्षर नाही. असल्या अभिप्रायांची मला चीड आहे.

पण खेळ सुरेख आहे. आपली गच्ची निवडायची आणि समोरच्याचा पतंग कापायचा. त्यात सगळं बडोदं आहे, अगदी काकूंची तुळस आणि वाळत घातलेले पापडसुद्धा. दोरी निवडता येते, सुती किंवा नायलॉन. नायलॉन पाहून माझं डोकं फिरलं.

आणखी एक गंमत. बाकीच्या खेळांत पतंग कापला की दोरी नाहीशी होते. इथे ती वाऱ्यावर जात राहते, खाली रस्त्यावर उतरते, आणि रस्त्यावर बारीक बारीक माणसं स्कूटरवरून जात असतात. गुण मिळत नाहीत, काही नाही. नुसतं बघायचं.

२१ डिसेंबर

‘अगाशी’वरचं परीक्षण आज आलं. तीन स्टार. दोन नायलॉनपायी कापले आणि हा पर्याय ठेवणाऱ्याला लाज वाटली पाहिजे असं सरळ लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘जिंकल्यावर घाई करू नका. या खेळात मागचा कोणताही दिवस उघडून पाहता येतो. सुटलेल्या दोरीवर बोट ठेवा आणि ती कुठून सुटली ते शेवटपर्यंत बघा.’ हेरंबला हे वाक्य आवडलं. गोविंदकाका माझं लिहिलेलं सकाळी चहाबरोबर वाचतात. आज त्यांनी खेळ आपल्या फोनवर घालून मागितला. दोरीवर बोट कसं ठेवायचं तेही मी शिकवलं. काका म्हणाले, सरस छे, आता म्हातारपण मजेत जाईल.

वर खोलीत आले आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मागचा कोणताही दिवस.

२२ डिसेंबर

मागची चौदा जानेवारी उघडली. पुलाचा उतार. दादाची मोटारसायकल, मागे बांधलेला स्टीलचा डबा. मी तो डबा ओळखते, आईनं पाठवलेले तिळाचे लाडू होते त्यात. काळी दोरी आली. मी नजर वळवली नाही. रडून झाल्यावर दोरीवर बोट ठेवलं.

ती मागे मागे गुंडाळत गेली आणि एका गच्चीवर थांबली. निळी टाकी, मोडकी डिश अँटेना. कठड्याशी फिरकी घेऊन हेरंब हसत उभा होता.

मी त्याच्या डब्यातलं लोणचं खाल्लंय.

२८ डिसेंबर

कुणाला सांगू? पोलिसांना खेळ दाखवू? हसतील. म्हणून खेळलेच. काकूंची गच्ची घेतली, समोर निळ्या टाकीची. दोरी सुती. पेच लावला आणि माझी दोरी त्याच्या हातावरून ओढली.

आज हेरंबच्या बोटाला पट्टी होती. कागदानं कापलं म्हणे. मी विचारपूससुद्धा केली, फार लागलं का म्हणून. आतून मला गुदगुल्या होत होत्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले. काकू खूश झाल्या, म्हणाल्या, आता कशी माणसात आलीस.

६ जानेवारी

काल कान. आज हनुवटीच्या खाली, लाल रेघ. दाढी करताना लागलं असं सगळ्यांना सांगत होता. पण त्याचा हात सारखा गळ्याकडे जातो. जाऊ दे. दादाचा हात जाऊ शकला नव्हता.

सुती दोरी नुसती ओरखडते. मला ओरखडे नकोत. जी ठेवणाऱ्याला लाज वाटली पाहिजे असं मी लिहिलं होतं ना, तीच दोरी मी आज निवडून ठेवली. लाज वाटली नाही.

१२ जानेवारी

हेरंबनं सगळ्यांना बोलावलं. म्हणाला, आपल्या गच्चीवर फक्त सुती दोरी. मागच्या वर्षी त्यानं हौसेनं नायलॉन आणली होती, पतंग तुटून गेला, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात पुलावरच्या मुलाची बातमी वाचून फिरकी जाळून टाकली. आपलीच दोरी होती की नाही, देव जाणे, पण झोप उडाली ती उडालीच. बोलताना त्याचे डोळे भरले. मग त्यानं स्वखर्चानं सगळ्यांच्या स्कूटरींना हँडलवर ती तारेची कमान लावून दिली, दोरी गळ्यापर्यंत येऊ नये म्हणून.

तो मुलगा कोण होता, हे त्यानं एकदाही शोधलं नाही. वर्षभर शंका पोटात घेऊन बसला, आमच्या दारी आला नाही. आला असता तर मी काय केलं असतं, माहीत नाही. आला नाही, हे माहीत आहे.

काकूंच्या स्कूटरलाही कमान लावून घ्या, असं मी काकांना म्हटलं. काकू म्हणाल्या, मला कुठे लांब जायचंय, नाक्यापर्यंत तर जाते.

१४ जानेवारी, सकाळ

आज. सगळ्या गच्च्या भरल्यात, स्पीकर फुटतील इतके वाजतायत. काका गच्चीवर चिक्की खात बसलेत. काकू म्हणाल्या, मागच्या वर्षी सलीलचं ताट वाढलेलं तसंच राहिलं, यंदा तुला उंधियू-जिलेबी पोटभर खाऊ घालते.

मी खोलीत. खिडकीतून हेरंबचा पिवळा पतंग दिसतो. फोनमध्येही दिसतो. नायलॉन.

१४ जानेवारी

लिहिते.

दोरी सोडली मी. पूर्ण सोडली, त्याच्या गळ्यावर. अगदी बरोबर जात होती. हेरंब खाली वाकला. लाडू उचलायला — नुसता लाडू उचलायला. वारा फिरला. दोरी टाकीवरून सरकली, कठड्याच्या बाहेर, खाली रस्त्यावर —

रस्त्यावर एक स्कूटर. हँडलला पिशवी. जांभळा स्वेटर.

मी ओरडले. स्क्रीनवर बोट दाबत राहिले, दाबत राहिले. सगळीकडून काप्यो छे, काप्यो छे. माझं ओरडणं त्यातच गेलं.

नाक्यावर उंधियू सांडलं होतं.

१५ जानेवारी

काकूंना नेलं. हेरंबनं खांदा दिला. रडत होता, माझ्याहून जास्त. काळी दोरी कुणाची ते कुणालाच कळलं नाही. हवालदार काकांना म्हणाला — तेच म्हणाला. दोरीला नाव नसतं.

काकांनी ऐकून घेतलं. माझ्याकडे बघून म्हणाले, जेवलीस का बेटा.

१६ जानेवारी

अ‍ॅप काढून टाकलं. परत आलं. फोन बंद केला. आपोआप लागला.

वेबसाइटवरून माझं परीक्षण उडवलं. खाली काकांचा आवाज येतोय. चष्मा लावून मोठ्यानं वाचतायत, त्यांनी कात्रणासारखं छापून ठेवलंय. ‘दोरीवर बोट ठेवा — शेवटपर्यंत बघा.’ परत पहिल्यापासून.

सांगायला हवं. मी सांगायला हवं. जिन्यापर्यंत गेले, परत आले.

१७ जानेवारी

बोट कापलं. कशानं? काही धरलं नव्हतं हातात.

काका आज वर बघत नाहीत. चहा ठेवून गेले. दारात.

१८ जानेवारी

हनुवटीखाली रेघ. आता सांगतेच — खाली जाते, पाय धरते. गळ्याला मफलर गुंडाळलाय —

‘अगाशी’खाली दुसरा अभिप्राय आलाय. पाच स्टार. ‘ऋचाबेटानं लिहिलं होतं तसं शेवटपर्यंत पाहिलं. सापडली. आमच्याच वरच्या खोलीत राहते.’

काका, मी मुद्दाम नाही — मला हेरंब हवा होता — काकू नाही, काकू कधीच —

खिडकी बंद आहे. वारा नाही. तरी मफलरखाली काहीतरी बारीक, सरकत, घट्ट