मामांच्या रिव्हॉल्वरचं पाकीट

नईम, मनामा
बहरीन, ९ फेब्रुवारी १९८३

ती. रावजीमामांस,
महादेवचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. जंगलातले खैर चोरून तोडणाऱ्यांविरुद्ध साक्ष दिली म्हणून त्यांनी तुम्हाला मारलं, तेव्हापासून तुम्ही घराबाहेरच पडत नाही, असं मामीने लिहिलं होतं. आता रिव्हॉल्वरचं लायसन मिळालं, बरं झालं. ते सगळ्यांना दिसेल असं कमरेला लावायचं पाकीट हवं म्हणता. मी चामड्याच्या दुकानात आहे खरा, पण असलं कधी केलं नाही. आमचे मालक ताहिरभाई, त्यांना विचारायलाच तीन दिवस गेले. मी कसा आहे तुम्हाला माहितीय. शेवटी विचारलं तर म्हणाले, यल्ला, म्हणजे चल, माप मागव.

तर गोळ्या काढून रिव्हॉल्वर कागदावर ठेवा आणि भोवती पेन्सिल फिरवा, चपलेसाठी पाय काढतात तसं. कमरेचंही माप पाठवा. पट्टा जाड करतो, पातळ पट्ट्यावर पाकीट लोंबतं. आठवीत शाळा सोडली तेव्हाचंच अक्षर आहे, समजून घ्या.

मामीला नमस्कार. माया आहे तशी राहू दे.
तुमचा महादेव

कोंडवाडी
२७ फेब्रुवारी १९८३

चि. महादेव यास,
अनेक आशीर्वाद.

माप सोबत आहे. तुझी मामी म्हणते, हे रिव्हॉल्वर नाही, मुसळ दिसतंय. पण कमरेचं माप कसलं मागतोस? मी जन्मात पँट घातली नाही. धोतरावर जाड पट्टा बांधू कुठे? तू बहरीनला गेलास आणि साहेब मला केलंस होय रे?

घरात नातू आहे. त्याच्या हाताला लागणार नाही असं काहीतरी कर. आणि लवकर पाठव. सात महिने बाजाराला गेलो नाही. मामी जाते, मी खिडकीतून बघत बसतो.

जेवणाची हयगय करू नकोस. आठवण ठेव.
तुझा मामा

नईम, मनामा
२० मार्च १९८३

ती. मामांस, शि. सा. न.

धोतर विसरलोच, लाज वाटली. ताहिरभाई इतके हसले की चहा सांडला. आता खांद्यावरून आडवा पट्टा केलाय, एसटीच्या कंडक्टरच्या बॅगेसारखा. पाकीट कमरेशी बसेल. घोडा पूर्ण झाकला जातो. वर झाकण आणि घट्ट पितळी बटण आहे, नातवाला उघडणार नाही. ताहिरभाई म्हणाले, मामा म्हातारे, बटण सैल कर. मी पहिल्यांदाच त्यांना मफी, म्हणजे नाही, म्हटलं.

आपल्याकडचा शिवदास सुट्टीवर येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. घालून बघा, उघडून बघा, आणि कळवा. जीव तिकडेच आहे.
महादेव

कोंडवाडी
१२ एप्रिल १९८३

चि. महादेव यास, आशीर्वाद.

पाकीट अंगाला छान बसलं. बटण मात्र माझ्याने उघडवत नाही. त्यांनी मारलं तेव्हा उजवा अंगठा मोडला, तो वाकडाच जुळला. तुला कळवू नको असं मीच मामीला सांगितलं होतं. आता तू म्हणशील परत पाठवा, सैल करतो. नको. मला कुणाला मारायचं नव्हतंच, बाजारात जायचं होतं.

काल गेलो. त्यांच्यातलाच एक चहाच्या टपरीवर बसला होता. पाकिटाकडे बघितलं आणि सरकून जागा दिली. मी सावकाश चहा प्यालो, सुकट घेतली आणि चालत घरी आलो.

ते उघडत नाही हे मामीलाही ठाऊक नाही. तू कमी बोलतोस, म्हणून तुला सांगितलं.

तुझा,
मामा