आत्यांना जिवंत ठेवण्याबाबत

तीर्थरूप आत्या,
(य दोनदा तपासला आहे.)

साष्टांग नमस्कार. आठही अंगं या वेळी खरोखर टेकवली. पलंग आणि टेबल यांच्यामध्ये जागा कमी असल्याने एका अंगाला टेबलाचा पाय लागला, पण ते सांगायला हे पत्र नाही. तुझ्या आशिर्वादाने मी बरी आहे. तुझी मान कशी आहे? एकतीस वर्षं खाली वाकून प्रुफं तपासलेली मान निवृत्तीनंतर एकदम सरळ करू नये, हळूहळू करावी, असं आमच्या ऑफिसातल्या टायपिस्ट बाई सांगतात. आई म्हणते की तू हल्ली बिस्किटांच्या पुड्यावरचा मजकूर तपासतेस आणि दुकानदाराला नेऊन दाखवतेस. ऐकून जिवाला बरं वाटलं. म्हणजे तब्येत ठीक आहे.

पत्र कशाला, फोन करायचा, असं तू म्हणशील. मी रविवारपासून नऊ वेळा केला. आठ वेळा नुसता वाजला आणि नवव्यांदा तू उचलून ‘राँग नंबर’ म्हणालीस. (आवाज तुझाच होता. राँग नंबर म्हणतानासुद्धा दोन्ही अनुस्वार इतके स्वच्छ उच्चारणारं दुसरं माणूस माझ्या माहितीत नाही.) म्हणून पत्र. बाबा दोन दिवसांसाठी माझ्या खोलीवर आले आहेत, ते उद्या सकाळच्या गाडीने परत येताना हे घेऊन येतील. आत्ता ते माझ्या कपाटाची बिजागरी बसवताहेत आणि दर दोन मिनिटांनी ‘ताईच्या पत्रात माझं नाव घालू नकोस’ असं बजावताहेत. तेव्हा त्यांचं नाव मी कुठेही घालणार नाही.

झालेलं सगळं तुला माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्तच माहीत आहे. तरी पहिल्यापासून लिहिते, कारण तक्रार अर्धवट लिहू नये असा आमच्याकडे नियम आहे. आमच्याकडे म्हणजे ऑफिसात नव्हे. ऑफिसात मी दिवसभर इतरांचे फॉर्म भरते आणि तिथे अर्धवट लिहिण्यावरच सगळं चालतं. आमच्याकडे म्हणजे ‘तपासनीस’मध्ये. मराठी शुद्धलेखन तपासणारं हे सॉफ्टवेअर आम्ही सात जण मिळून सांभाळतो, आणि सातांतल्या कोणीही दुसऱ्याला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचं पोट सगळ्यांना उघडं आहे. ज्याला चूक दिसेल त्याने कळवावी, ज्याला जमेल त्याने दुरुस्ती लिहून पाठवावी, आणि लावण्याआधी ती दुसऱ्या कोणीतरी तपासावी. गेल्या चार महिन्यांपासून तपासणारी दुसरी कोणीतरी मी आहे. घरात मी पहिली पदवीधर, आणि पदवी घेऊन फुकट काम करते, हे आईला अजून पटलेलं नाही. शेजारच्या काकूंना ती ‘लोकांच्या चुका काढते’ एवढंच सांगते, आणि काकू म्हणतात, त्यात शिकायचं काय एवढं.

पण मला हे काम मनापासून आवडतं, आणि का आवडतं ते फक्त तुला कळेल. मी दुसरीत असताना तू मला छापखान्यात समोर बसवायचीस. मी मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, तू प्रूफ बघायचीस, आणि विरामचिन्हंही तोंडाने म्हणायची असत. (त्यामुळे शाळेत कविता म्हणताना मी ‘स्वल्पविराम’ म्हणाले आणि बाईंनी मला बाहेर उभं केलं.) तू म्हणायचीस, आपण लिहिलेलं आपल्याला नेहमी बरोबरच दिसतं, म्हणून समोर दुसरं माणूस हवं. आत्या, आमचं सगळं सॉफ्टवेअर याच एका वाक्यावर उभं आहे. जगात कुठेतरी बसलेला अनोळखी माणूस माझी चूक मला सांगतो आणि बदल्यात काही मागत नाही. जोवर अशी माणसं आहेत तोवर मराठीचं भवितव्य उज्वल आहे असं मी आमच्या मुखपृष्ठावर लिहिलं होतं. बाकीच्या सहांनी ते ‘विषयांतर’ म्हणून काढलं.

तक्रारी मात्र माणसं कशाही लिहितात. एकाने लिहिलं, ‘चालत नाही.’ मी विचारलं, काय चालत नाही? उत्तर आलं, ‘काहीच.’ (ज्यांचं नाव घालायचं नाही ते बिजागरी सोडून आत्ताच म्हणाले की लिफ्टच्या कामातही हेच. लोक फोन करतात की लिफ्ट बंद पडली, आणि जाऊन बघावं तर कोणीतरी दारात स्टूल अडकवून ठेवलेलं असतं. ‘चालत नाही ही तक्रार नाही, ते गाऱ्हाणं आहे,’ असंही ते म्हणाले.) एका गृहस्थांच्या आडनावाला आमचा तपासनीस ‘भोपळा’ सुचवायचा, आणि हे त्यांच्या साडूने मुद्दाम करवलं आहे अशी त्यांची खात्री होती. एका आजोबांनी तर सगळं उत्तम चाललंय एवढंच कळवायला तक्रार नोंदवली. तिच्यावर कोणता शिक्का मारावा यावर आमची चार दिवस चर्चा चालली होती. तेव्हा प्रत्येकाला मी तीनच प्रश्न विचारते: तुम्ही काय केलंत, काय व्हायला हवं होतं, आणि काय झालं?

प्रत्येक तक्रारीवर आम्ही निकालाचा शिक्का मारतो, आणि हे शिक्के मराठीत आहेत. आमच्यातल्या एका शिक्षकांनी सगळ्यांचं भाषांतर केलं. जो दोष आम्हाला आमच्या मशीनवर पुन्हा घडवून पाहता येत नाही, त्याच्यासाठी त्यांनी ‘पुनरुत्पादन शक्य नाही’ असा शिक्का केला. तेव्हा कोणाला काही खटकलं नाही. त्याच्याकडे आपण येऊच.

आता मुख्य भानगड. आमच्यात ‘धडाडी’ नावाचा एक जण आहे. (नाव त्याने स्वतःच घेतलंय.) त्याने एक भर पाठवली: जो शब्द क्वचित सापडतो, तो त्याच्याशी जुळणाऱ्या आणि वारंवार सापडणाऱ्या शब्दाने बदलून टाकायचा, लिहिणाऱ्याला न विचारता. त्यासाठी त्याने जुन्या पुस्तकांतले चाळीस लाख शब्द मोजले होते. त्यांत ‘आत्मा’ पानोपानी आणि ‘आत्या’ अगदी तुरळक. यावरून त्याने असं काढलं की जो ‘आत्या’ लिहितो त्याला बहुधा ‘आत्मा’च म्हणायचं असतं. माणसं पुस्तकं आत्म्यावर लिहितात पण फोन आत्यांना करतात (आणि राँग नंबर ऐकतात), हे त्याच्या मोजणीत आलं नाही. तर ही भर रीतसर तपासण्यात आली आणि मान्य करण्यात आली. (पुढे चल.)

त्याच आठवड्यात तू निवृत्त झालीस. मला रजा मिळाली नाही, त्याबद्दल वेगळं पत्र लिहिलं होतं. छापखान्यातही सगळे तुला आत्याच म्हणतात, आणि तुला कळू न देता समारंभ करायचा म्हणून एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिथला एक मजकूर तुझ्या नजरेखालून गेला नाही. फलक आणि पत्रिका दोन्हींचा मजकूर आपल्या दादाने टाइप केला, तपासनीस लावून. (दादाचं म्हणणं, ‘तूच सांगितलंस ना तो हुशार आहे म्हणून.’) ‘आमच्या लाडक्या आत्यांना प्रेमाचा निरोप’ असं त्याने लिहिलं, आणि ‘आमच्या लाडक्या आत्म्यांना प्रेमाचा निरोप’ असं छापून आलं. कागदवाल्याने पुष्पचक्र पाठवलं. बाइंडर तुझ्याबद्दल चार शब्द बोलायचं पाठ करून आला होता, तो तुला दारात चहा पिताना बघून खुर्चीवर बसला आणि शेवटपर्यंत उठला नाही. इकडे शेजारच्या काकू पत्रिका हातात घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि आईला हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘कधी गेल्या?’ आई म्हणाली, ‘सकाळी दहाला.’ ‘फार त्रास झाला का हो?’ ‘छे, चपलेचा अंगठा तेवढा तुटला. बाकी हसतखेळत गेल्या.’ ‘आणि जवळ कोण होतं?’ ‘आमचे हे होते ना, तेच पोहोचवायला गेलेत.’ काकूंनी डोळे पुसले आणि आईला वाटलं त्यांना सर्दी झाली आहे.

मेल्याचं तुला काहीच वाटलं नाही असं दादा सांगतो. एकतीस वर्षं चूक जाऊ दिली नाही आणि शेवटच्या दिवशी डोक्यावर चार फुटी चूक टांगून बसावं लागलं, त्याचं वाटलं. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि तू एकटी वर बघते आहेस.

हा फोटो मला कोणी पाठवला नाही, कारण ‘पोरीचं काम आहे ते, तिला सांगू नका’ असं तू सगळ्यांना बजावलं होतंस. माझ्या कामाला काळिमा नको म्हणून तू गुपचूप ‘काना-मात्रा’ या टोपणनावाने रीतसर तक्रार नोंदवलीस: ‘आपला तपासनीस आत्या या शब्दाचा आत्मा करतो. कृपया आत्यांना जिवंत ठेवावे.’ मी तीन प्रश्न विचारले. काय केलंत? ‘निवृत्त झाले.’ काय व्हायला हवं होतं? ‘निरोप.’ काय झालं? ‘अखेरचा निरोप.’ मला वाटलं, कोणीतरी रिकामटेकडं थट्टा करतंय. तरी मी माझ्या मशीनवर ‘आत्या’ लिहून पाहिलं, काही बदललं नाही. मी विचारलं, पुन्हा घडवून दाखवता येईल का? तू लिहिलंस, ‘दुसऱ्यांदा निवृत्त होता येत नाही.’ यावर मी ती तक्रार मिटवली आणि शिक्का मारला. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला तिच्या सख्ख्या भाचीकडून लेखी कळलं की पुनरुत्पादन शक्य नाही.

(बाबा मागून वाचताहेत. ‘हे खोडता येणार नाही का,’ असं विचारताहेत.)

रविवारी दादाकडून चुकून तो फोटो आला. मी तुझी तक्रार पुन्हा वाचली आणि सात वेळा पाणी प्यायले. मग शोधलं की माझ्याच मशीनवर दोष का दिसला नाही. आत्या, तपासनिसाला एक खासगी शब्दसंग्रह असतो. आपण वारंवार लिहितो ते शब्द तो शिकून ठेवतो आणि त्यांना हात लावत नाही. तुला इतकी पत्रं टाइप केली आहेत की माझ्या तपासनिसाला तू कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनच पाठ आहेस. जगभरच्या आत्यांचे आत्मे होत होते, आणि माझी एकटीची आत्या सुरक्षित होती, म्हणून मला काही दिसलं नाही.

तर हे असं आहे. मला तुझ्याकडून काही नको. फक्त महिना झाला, त्या एका ‘राँग नंबर’शिवाय तुझा आवाज नाही. मानेची काळजी घे, पुडे वाचताना उजेडात वाच, आणि फोन वाजला तर निदान राँग नंबर तरी म्हण.

तुझी भाची,
जिला तू शब्द शिकवलेस

ता.क. १. काही नको असं वर लिहिलंय, पण एक बारीकसं काम होतं. तुझी तक्रार मी पुन्हा उघडली आहे आणि दुरुस्तीही लिहिली आहे: विचारल्याशिवाय आता एकही शब्द बदलणार नाही. पण आपली दुरुस्ती आपल्यालाच मान्य करता येत नाही, आणि ज्याने तक्रार केली त्याने ‘दोष गेला’ असं लिहावं लागतं. तक्रारदार तीस दिवस गप्प राहिला तर मशीन ‘स्वारस्य नाही’ म्हणून तक्रार कायमची मिटवतं. तुझ्या शेवटच्या उत्तरापासून तिसावा दिवस येत्या गुरुवारी आहे, आणि शाळांसाठीची नवी आवृत्तीही त्याच दिवशी निघते. तू बोलली नाहीस तर राज्यातल्या शाळांत ती आत्मे घेऊन जाईल. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. त्या शाळांतल्या पोरांच्या आत्यांसाठी दोन शब्द लिही.

ता.क. २. हे पत्र मी हाताने लिहिलंय आणि त्यात मुद्दाम तीन चुका ठेवल्या आहेत, कारण माझं पत्र तांबड्या पेन्सिलीने तपासून परत न पाठवणं तुला जमणार नाही, हे मला माहीत आहे. एव्हाना ‘आशिर्वाद’ आणि ‘उज्वल’ यांच्यावर पेन्सिल फिरलीही असेल. (बाबा म्हणतात, ‘ताईने पाकीट फोडायच्या आधी पत्ता तपासला असेल.’)

ता.क. ३. तिसरी चूक शुद्धलेखनाची नाही. धडाडीची भर ‘तपासण्यात आली आणि मान्य करण्यात आली’ असं लिहिलंय ना, त्या वाक्याला कर्ता नाही. तू समासात ‘कोणी?’ असं लिहिणार. मी, आत्या. मी ती वाचली, स्वल्पविराम, मला अर्धी कळली नाही, स्वल्पविराम, घरातल्या पहिल्या पदवीधराने ‘कळलं नाही’ असं सात जणांत कसं लिहायचं म्हणून लाज वाटली, स्वल्पविराम, आणि मी मान्य केली, पूर्णविराम. समोर बसून वाचायला दुसरं माणूस हवं आहे.