मुठीतला गंज

८ ऑक्टोबर २००८
उद्या दसरा. मी काम करते त्या फारुखभाईंच्या जुन्या वस्तूंच्या ऑफिसातली जपानी तलवार सुटी केली. बांबूची खुंटी काढली की मूठ निघून येते. मुठीत लपलेलं पात्याचं बूड गंजून काळं. हत्यार असं मळकट कसं पुजायचं? लिंबू-मीठ लावून घासलं. बोटं झोंबतायत, पण लखलखीत झालं.

९ ऑक्टोबर
तलवारीला झेंडू वाहिला. आपटा कुठे मिळणार इथे दुबईत. फा. हसले, "ताई, आता हिला श्रीखंड पण भरवा." तलवार त्यांच्या अब्बांनी आणलेली. अब्बा जाऊन चार वर्षं झाली. टेबलावर फोटो आहे.

१८ नोव्हेंबर
श्री.ची बांधकामाची साइट बंद, नोकरी गेली. नवऱ्याला असं दुपारी सोफ्यावर बघवत नाही. आमच्याकडेही गिऱ्हाईक नाही. जुमेरा लेक टॉवर्समधला आमचा मजला निम्मा रिकामा. एकच संग्राहक उरलाय, त्याला ही तलवार हवीय, माझ्या तपासणीच्या रिपोर्टसकट. फा.: "ही गेली तर ऑफिस राहील ताई. नायतर खलास." ऑफिस राहिलं तर आम्ही दुबईत.

२४ नोव्हेंबर
दिवसभर भिंग डोळ्याला. मुठीपुढची चकती दुसऱ्याच तलवारीची. भोकात तांब्याचे तुकडे ठोकून या पात्याला बसवलीय. म्यान नवं. बुडाला भोकं दोन, म्हणजे मूठ बदललेली. आधीचं भोक कुठलं? पातं किती जुनं? पुस्तक उघडलं. बुडावरच्या गंजावरून वय कळतं. तो कधीही, कुठल्याही कारणाने, काढू नये.
तीनदा वाचलं.
तलवारीचे आधीचे फोटो फक्त मुठीसकट. हे पान आधी का नाही वाचलं मी?
घरी इराला सांगितलं. "मम्मा, इट्स जस्ट रस्ट."

३० नोव्हेंबर
आज सांगायचंच ठरवून गेले. त्याआधीच फा.नी मूठ काढून बघितली. बूड उजेडाकडे धरलं. मग, "अब्बांनीच घासलंन असणार. त्यांना सगळं चकाचक लागायचं." फोटोकडे बघून, "काय केलंत हो अब्बा!" रागावले नाहीत. मला चहा ओतून दिला.
मी प्यायले.

३ डिसेंबर
श्री. म्हणतो, "गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" त्याच्यावर उगाच ओरडले. भाजी करपली.

४ डिसेंबर
रिपोर्ट. चकती, म्यान, दोन भोकं, सगळं लिहिलं. "बूड घासलेलं." फा.नी सांगितलं, "लिहा, आधीच्या मालकाने." लिहिलं. समोर अब्बांचा फोटो, पांढरी टोपी, थोडे हसरे.
ते दोन शब्द पुसले. जागा रिकामी.
फा. दारात. "ताई, यल्ला, काढा प्रिंट. तो माणूस खाली पोचलाय."
"फारुखभाई, जरा बसा," म्हटलं.
बसले. हातात माझ्यासाठीही चहा आणलेला.