दगडातलं लाल फळ

प्रिय दादा,

तुला जाऊन वर्ष होतंय. उद्या सकाळी तुझी मीनू देव्हाऱ्यातल्या त्या दगडी चिनी म्हातारबाबाला न्यायला येतेय. बापाची आठवण म्हणून तिला तेवढंच हवंय. आणि मी काय करून बसलोय! कुणाला सांगू? म्हणून तुला लिहितोय.

देव्हाऱ्यातले पितळी देव घासायला काढले, त्यांच्याबरोबर त्यालाही काढलं. पोरीच्या हाती स्वच्छ जावा, एवढंच मनात होतं. राख लावून काथ्याने घासला रे! देव उजळले, पण याच्या डाव्या गालावरच्या सुरकुत्या पुसून गेल्या. एवढा मऊ दगड असतो का कुठे? तू सांगायचं नाहीस का? सांगितलंही असशील. तुझं ऐकलं कधी मी?

मला कावीळ झाली होती तेव्हा तू चीनहून आलेल्या बोटीवरून उतरून थेट मुंबईत, असल्फ्याच्या आपल्या खोलीत आलास आणि हा माझ्या उशाशी ठेवलास. केवढं उंच कपाळ, पोटापर्यंत दाढी, हातात लालबुंद फळ! "हा म्हातारा आयुष्य देतो म्हणतात तिकडे," म्हणालास. आईने त्याला ऋषी समजून देव्हाऱ्यात बसवला. मी मात्र सगळ्यांदेखत हसलो.

"दादा, गंडवलं तुला! फळाला नुसता रंग फासलाय."

"रंग नाय रे बाळ्या, दगडच तसा आहे."

"हो, आणि फळ झाडावरून पडून चिकटलं असेल!"

सगळे हसले.

आज एवढं घासलं तरी ते लाल जराही उतरलं नाही. मग वाचायचं भिंग लावून पाहिलं, आणि अंगावर काटाच आला! दगडातच लाल शीर आहे, दादा. ती फळातून निघते, दाढीच्या कडेने वर चढते आणि नेमकी ओठांवर येऊन संपते. त्या कारागिराने डाग लपवला नाही, त्याचं फळ केलं, ओठ केले! दाढीचा केस न् केस वेगळा. करंगळीला नखसुद्धा. आत लाल कुठे वळणार, हे त्याला कसं कळलं असेल? एक घाव चुकला असता तर?

इतकी वर्षं रोज फूल वाहिलं, पण नीट पाहिलं नाही कधी. आणि आयुष्य देणारा म्हातारा मला देऊन टाकलास, स्वतःजवळ का नाही ठेवलास रे?

मघाशी त्याचा तो गाल भिंतीकडे वळवून ठेवला होता. आता सरळ करतो. मीनू आली की आधी गाल दाखवीन, मग भिंग तिच्या हाती देईन आणि म्हणेन, "पोरी, तुझा बाप खरं बोलत होता. मीच हसलो." शब्द देतो, दादा.

तुझा,
बाळ्या