ढिगावरची वेलांटी

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार,

मामींच्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण तुमच्या मागच्या पत्रातली सगळी खुशाली त्याच्यापाशीच अडली होती. तुमचा खोकला कसा आहे? मी ठीक आहे. झोप लागत नाही, जेवण जात नाही, बाकी प्रकृती उत्तम. काही मागायला लिहीत नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

तांब्याच्या खाणीत पाट्या रंगवण्याची ही नोकरी तुमच्या शिफारशीने लागली, आणि ती राहते की जाते हे येत्या शुक्रवारी साहेब ठरवणार आहेत. झालं असं. विजेच्या गाड्या, पवनचक्क्या यांमुळे सगळ्यांना तांबं हवं झालं आहे, पण नवा खड्डा कुणालाच नको. त्यावर तोड काढायला एक इंजिनिअर बाई आल्या. त्या खाणीत कमी आणि खाणीमागच्या ढिगांकडे जास्त बघतात. (दगड दळून तांबं काढलं की उरलेला गाळ या ढिगांवर जातो. माझ्या जन्माआधीपासून जातो आहे.) मुकादम म्हणाले, बाईंचं काहीतरी हरवलेलं दिसतंय.

गेल्या आठवड्यात सोमवारी बाईंनी मला चिठ्ठी दिली : 'ढीग क्र. ३ – टिकाऊ. पाटी लावणे.' आता मामा, त्या ढिगाची पाटी मी सहा वर्षांत तीनदा रंगवली, आणि तिन्ही वेळा 'टाकाऊ' अशीच. मला वाटलं, बाई शिकलेल्या असल्या तरी घाईत काना द्यायच्या जागी वेलांटी पडली. मोठ्या माणसाची चूक चारचौघांत दाखवू नये, म्हणून मी ती गुपचूप सुधारली आणि लाल रंगात ठळक 'टाकाऊ' लिहिलं. (ऊ दीर्घ. दोनदा तपासला.) मुकादमांना नेमका कँटीनमागचा खोलगट भाग बुजवायचा होता. पाटी वाचून त्यांनी दोन दिवसांत चाळीस ट्रक ढीग तिथे ओतला, वर रोलर फिरवला, आणि साहेबांची गाडी तिथे उभीसुद्धा राहिली.

गुरुवारी बाईंनी बोलावलं. मी ब्रश धुऊन सोबत नेला, परत करायला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांना हे कसं घडलं तेच समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं. मग त्यांनी सांगितलं की टिकाऊ म्हणजे हा ढीग तूर्त राखून ठेवायचा, कारण जुन्या यंत्रांना जमलं नाही म्हणून त्या गाळात हजार किलोमागे तीन किलो तांबं राहून गेलं आहे. नव्या खड्ड्यात किती, मी विचारलं. सहा. मग हे निम्मंच की!

"निम्मं, पण आधीच खणलेलं आणि आधीच दळलेलं. डोंगर पुन्हा फोडायला नको. आणि ढीग गेला की त्याचं पाणी खालच्या विहिरींत झिरपायचं थांबेल."

मामा, सहा वर्षं मी तांब्यावर टाकाऊ लिहीत होतो! मग मला राहवेना, मी आणखी अकरा प्रश्न विचारले. (तांबं काढल्यावर उरेल त्या वाळूचं काय? तेच पाणी पुन्हा वापरता येतं का? मोडक्या पवनचक्कीतलं तांबं वितळवून परत घेता येतं का? येतं.) शेवटी मुकादम दारातून म्हणाले, "बाई, याला हाकलायचंय की शाळेत घालायचंय?" सध्या कँटीनमागे मुकादम आणि मी तो गाळ कुदळीने उकरतो आहोत. रोलर फार चांगला फिरला आहे.

मामींच्या गुडघ्याचं कळवा.

तुमचा आज्ञाधारक (व तूर्त गाळात असलेला) भाचा

ता. क. – साहेबांनी माझी फाइल मागवली आहे. शुक्रवारच्या आत तुमचं नवं शिफारसपत्र मिळालं तर बरं. (ही मागणी नाही, निकड आहे.)

ता. क. २ – नवं कशाला, तेही सांगतो. जुनं मी आज त्या फाइलमध्ये पाहिलं. त्यात तुम्ही लिहिलं आहे, 'मुलगा कष्टाळू, प्रामाणिक व टाकाऊ आहे.' सहा वर्षांत कुणी वाचलेलं दिसत नाही. पेन खिशात होतं, पण मी हात लावला नाही. आधी विचारायचं, मग सुधारायचं, अशी बाईंची सक्त ताकीद आहे. म्हणून विचारतो : हात चुकला होता, की ते तुमचं मत होतं? मत असेल तर जुनंच राहू द्या. बाईंना टाकाऊत फार रस आहे.