ज्याचे त्याला फोटो

बाबा, ताईचं लग्न झालं. खळ्यात मांडव घातला होता, कन्यादान काका-काकूंनी केलं. मी नव्हतो. इथं मस्कतला हॉटेलच्या धुलाईत चादरी इस्त्रीला लावतो, पासपोर्ट मालकाच्या कपाटात, सुट्टी मागितली तर म्हणाला पुढच्या वर्षी बघू. लोट्याच्या एमआयडीसीतली कंपनी सोडली, ट्रॉलरवर गेलो तेही सोडलं, तेव्हा आई म्हणायची, पायात भिंगरी बांधून जन्मलाय. आता नेमकं जायचं होतं तर पाय अडकले.

हल्ली लग्नाचा अल्बम घरोघर फिरत नाही. चिपळूणचा फोटोवाला एक लिंक पाठवतो, ती काकाने लग्नाच्या ग्रुपवर टाकली, सगळ्या पाहुण्यांना. ती उघडायची, मोबाईलला आपलं तोंड दाखवायचं, की ज्या ज्या फोटोत आपण आहोत तेवढे वेगळे निघून येतात. ज्याचे त्याला. मी गंमत म्हणून माझं तोंड दाखवलं, आणि फोटो आले की हो माझे! कानपिळीला नवरदेवाचा कान भावाने पिळायचा, म्हणून मला व्हिडिओवर घेतलं होतं. काकाने मोबाईल नवऱ्याच्या कानाला लावलाय, काचेवर माझं तोंड, आणि कुणीतरी त्या काचेला कुंकू लावलंय. मला त्या दिवशी नुसता गलका ऐकू येत होता, “अरे, मेव्हणा विमानाने आला, टाका अक्षता त्याच्यावर!” जेवणाच्या पंगतीतही तो मोबाईल ताईशेजारी पेल्याला टेकवून ठेवलाय. सगळ्या घरच्यांच्या फोटोत काकाने मला छातीशी धरलंय.

मग मी आईचा फोटो दाखवला. चक्र फिरलं आणि खाली अक्षरं आली, ‘एकही फोटो सापडला नाही’. दुसरा दाखवला, जवळचा. तेच. म्हटलं यंत्राला आपल्या माणसांची तोंडं कळत नसतील, म्हणून हातानेच सगळे चाळले, हळदीपासून पाठवणीपर्यंत. काकू आहे, काकूच्या माहेरची आहेत, पोफळीचा तो मामा आहे ज्याने तुमच्या तेराव्यालाही तोंड दाखवलं नव्हतं. एका फोटोत मागीलदारी पातेल्यावर वाकलेली एक बाई आहे, नुसती पाठ. ती आई. जी घरात होती, आठ दिवस राबत होती, ती नाही, आणि जो समुद्रापलीकडे होता त्याला कुंकू.

काकाला फोन केला. म्हणाला, “अरे, वयनी स्वतःच पुढं येत नव्हत्या. आमी काय हात धरून मागं ढकललं काय?” मी म्हटलं, हाक मारलीत? “लग्नघरात कोन कोनाला हाक मारीत बसतो? आनी शुभकार्यात…” म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, “तू लांब हायस, तुला डोक्याला काम नाय. जेवलास काय?”

हे ‘शुभकार्यात…’ वाक्य काकाचं नाही, बाबा. हे तुमचं आहे. काकाच्याच लग्नात, याच खळ्यात, फोटोवाल्याने घरच्यांना बोलावलं तेव्हा आत्या हात पुसत बाहेर आली होती. पांढऱ्या कपाळाची, तरीपण हसत. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, “तू कुठं येतेस गो? शुभकार्य हाय. आत बघ, भात लागेल.” ती वळली. भात कधीच उतरवलेला होता. फोटो निघाला, मी तुमच्या पायाशी मांडी घालून बसलोय, दात काढून. पुढे अल्बम आला तो तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाडीत घरोघर नेलात. आत्याने आपल्याच घरात तो शेवटी पाहिला, माझ्याबरोबर, एकेका पानावर बोट ठेवून, “ही बघ तुजी आई, हा बघ तू.” मिटला आणि म्हणाली, “बरा आलाय.” ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो सापडेना. तुम्हीच रेशनकार्डावरचा रत्नागिरीला नेऊन मोठा करून आणलात. नाकडोळे नीट दिसत नाहीत त्यात. हार मात्र तुम्ही रोज बदलायचात.

आईचा फोन येतो. पहिल्या दिवशी म्हणाली, “आले काय रे फोटो?” म्हटलं, आले. इकडचं तिकडचं बोलली, काजूबद्दल, शेजारणीच्या गुडघ्याबद्दल, आणि मग हळूच, “माजा आलाय काय एकादा? पाठवनीला पोरीला पोटाशी धरलं तवा तो पोरगा मशीन घेऊन समोरच हुता. तुज्या बाबांनी आनलेली जांभळी नेसले हुते.” मी पाठवणीचे फोटो परत उघडले. ताई रडतेय, तिच्या पाठीवर जांभळ्या बाहीचा एक हात आहे. बाकीचं अंग पुढं उभ्या असलेल्या काकूच्या आड गेलंय. आईला म्हटलं, सगळे अजून आलेले नाहीत. “येतील येतील,” म्हणाली, “घाई नाय. पन आला तर मोठा करून धाड, पोरगी आपल्या घरी लावते म्हनालीय.” परवा परत विचारलं. आज परत.

आठवी नापास माणसाने एवढं लिहिलं, आणि तुम्हाला ते पोचायचं नाही, म्हणून तर लिहितोय. तुम्ही असता तर म्हणाला असता, बायकांच्या फोटोवरनं कसली रे भांडणं. आणि तुम्ही असता तर आई मांडवात मधोमध बसली असती, तुमच्या शेजारी, कपाळभर कुंकू लावून. मी लिंक उघडली असती, आपल्या सगळ्यांचे फोटो बघितले असते आणि मोबाईल खिशात टाकून पाळीला गेलो असतो. आत्या जिवंत असती, मागीलदारी भात उतरवत असती आणि एकाही फोटोत नसती, तरी ते माझ्या ध्यानात आलं नसतं. आईचं होतं म्हणून झोंबलं.