उकिरड्याच्या कोपऱ्यातली माती

प्रिय प्रीती,

सप्रेम जयभीम. फोनच केला असता, पण तुझी आई फोन स्पीकरवर ठेवायला लावते, आणि हे तिच्यासमोर बोलण्यासारखं न्हाय.

तीन वर्षांपूर्वी तू म्हणालीस, आबा, ऊस तुटला की नांगर घालू नका, पाचट पेटवू नका, बुडखे जागच्या जागी कुजू द्या. हवेतला कर्ब पिकावाटे मातीत उतरून बसतो आणि नांगरलं की परत उडून जातो. मला तेव्हाच शंका आली. न दिसणारी वस्तू आपल्या दोन एकरात साठणार, आणि ती मोजणार कोण? तरी पोरीचा शब्द म्हणून ऐकलं. शेजारचा केरबा बांधावर उभा राहून मला हसायचा, धोंडीरामानं रानाचा कचरा डेपो केलाय म्हणायचा.

आता तुझ्या लॅबचा रिपोर्ट आलाय. पहिल्या वर्षी सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्के, आणि यंदा एकदम १.४२. फोनवर तू केवढी खूश होतीस. रविवारी वारणानगरच्या मेळाव्यात शे-दोनशे शेतकऱ्यांपुढं तू हा आकडा सांगणार, आपल्या बापाच्या रानाचा म्हणून. केरबा पण येणार हाय. हसणारा माणूस, पण त्यानं सांगून ठेवलेला ट्रॅक्टर थांबवलाय. सहाच्या सहा एकर बिननांगरटीचं ठेवायचं म्हणतोय.

मला मात्र त्या दिवसापासून जेवण गोड लागंना. कर्ब मुंगीच्या पावलानं वाढतो हे तूच सांगितलेलंस, मग ह्यानं एवढी उडी कशी मारली? आधी लॅबवर संशय घेतला, पिशव्यांची अदलाबदल झाली असंल म्हणून. मग, खोटं कशाला सांगू, तुझ्यावर घेतला. बापाला बरं वाटावं म्हणून पोरीनंच आकडा फुगवला का, असं मनात आलं. माफ कर बाळ. असलं मनात आलं ह्याची मला लाज वाटते.

शेवटी रानात गेलो. नमुना काढायची तुझी रीत मला पाठ हाय. नागमोडी चालत दहा जागा, वीतभर खोल, सगळी माती पोत्यावर कालवायची आणि त्यातली अर्धा किलो द्यायची. बांध, झाडाखाल, उकिरडा सोडून. यंदा गडहिंग्लजला माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं, वाकायला बंदी, म्हणून तुझ्या आईनं माती काढलेली. मी अख्ख्या रानातलं पाचट काठीनं उचकून बघितलं. खाली माती मऊ, गांडुळंही भरपूर, पण खड्डा कुठंच न्हाय. तीन सापडले, ते गोठ्याकडच्या कोपऱ्यात. तिथं वीस वर्षं आपला उकिरडा होता, शेण कुजून कुजून माती काळी झालेली.

तुझ्या आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली न्हाय. म्हणाली, माती ती मातीच की. मी तिथंच बसून राहिलो. मग तिनं सूप खाली ठेवलं आणि सांगितलं. ऊस तुटला त्या दिवशी मी केरबापुढं बोललो होतो, यंदा आकडा वाढला न्हाय तर सरळ नांगर लावतो, पोरीचं शिकवणं बास झालं. ते तिनं चुलीपाशी ऐकलेलं. मी बोललो की करतो, हे तिच्याएवढं कुणाला ठावं? तुझी तीन वर्षं मी एका दिवसात उलथून टाकीन ह्या भ्यानं तिनं ती माती भरली.

म्हणजे बघ, मी साऱ्या जगावर संशय घेत फिरलो आणि ही लबाडी माझ्याच तोंडातनं निघाली. आज एसटीनं एक पिशवी पाठवतोय. दहा जागांची माती हाय, वाकायला अजून बंदी म्हणून मी काल बसून काढलेली. रविवारच्या आत तपासून घे. जो आकडा येईल तोच केरबाला सांग, आणि आधीचा १.४२ का चुकला तेही सांग, माझं नाव घेऊन. आईला काही विचारू नकोस. तुझा आकडा कळायच्या आधीच लिहून देतो, तो घटला तरी ह्या रानात नांगर येणार न्हाय.

तुझाच,
आबा